शब्दचर्चा : काचेतलं ‘प्लास्टिक’ विरूपण

प्रश्न : काचसदृश पदार्थांवर बल लावलं की अणूंच्या पातळीवर काय घडतं, याच्या संगणकीय सिम्युलेशनवरचा अनुवाद तपासते आहे. ‘प्लास्टिक विरूपण’ वाचून लोकांना बादल्या-डबे आठवतील. ‘आकार्य’ चालेल का? आणि ‘शिअर ट्रान्सफॉर्मेशन झोन’ला काय म्हणावं? (‘शिअर’ म्हणजे कर्तन, थर एकमेकांवरून सरकवणारं बल.)

– ‘आकार्य’ आणि ‘सुघट्य’ दोन्ही चालतात. एक निवडा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. पहिल्या उल्लेखात अर्थ द्या : बल काढल्यावरही मागे उरणारा आकारबदल. ‘काच’ म्हणजे इथे फक्त खिडकीची नव्हे, तर अणूंची शिस्तबद्ध रचना नसलेला घन पदार्थ, हेही सांगा. १९६० मध्ये अमेरिकेतल्या कॅल्टेक या संस्थेत सोनं-सिलिकॉनचा वितळलेला रस झपाट्याने थंड करून धातूची काच बनवली होती.

– ‘झोन’चं ‘क्षेत्र’ मात्र कृपया करू नका. स्फटिकात अणू नियमित ओळींत असतात, त्यामुळे ओळीतल्या दोषावर बोट ठेवता येतं. तो सरकतो म्हणून धातू वाकतो, हे १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे मांडलं. काचेत अणूंच्या ओळीच नसतात, मग ओळीतला दोष कुठून आणायचा? तिथे अणूंचा एखादा छोटा पुंजका एकाएकी नव्याने रचला जातो आणि भोवतालच्या भागावर ताण टाकतो, मग तिथलाही एखादा पुंजका हलतो. फॉक आणि लँगर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९९८ मध्ये द्विमितीय सिम्युलेशनमध्ये असे पुंजके शोधले, ते दोन क्षणांची तुलना करून : अणूच्या शेजाऱ्यांची जी हालचाल सरळ एकसारख्या ताणण्यात बसत नाही, ती मोजली. म्हणजे जागा कळते ती घटना घडून गेल्यावर! ‘क्षेत्र’ म्हटलं की ती आधीपासून आखलेली वाटते. मी ‘कर्तनी पुनर्रचना’ लिहीन.

प्रश्न : पटलं. लेखात ‘क्वासिस्टॅटिक’चं ‘मंद गतीने’ केलंय, ते राहू द्यावं का?

– नको. आण्विक गतिकीत, म्हणजे अणूंची हालचाल क्षणाक्षणाने मोजणाऱ्या सिम्युलेशनमध्ये, एकेक पाऊल साधारण फेम्टोसेकंदाचं (सेकंदाच्या अब्जांशाचा दशलक्षांश) असतं, त्यामुळे तिथलं ‘मंद’सुद्धा प्रयोगशाळेच्या मानाने अफाट वेगवान असतं. क्वासिस्टॅटिक पद्धत वेगळी : नमुना किंचित कातरायचा (कापायचा नव्हे, थर किंचित सरकवायचे), ऊर्जा जवळच्या किमान पातळीला उतरू द्यायची, मग पुन्हा किंचित कातरायचा. त्यात घड्याळच नाही, म्हणून वेगही नाही. ‘स्थितिकल्प’ लिहा आणि ही कृती एका वाक्यात सांगा.