हेड न उघडता व्हॉल्व्हवरचा कार्बन निघतो का? (100 सीसी, कार्ब्युरेटर)

चादरनगरी_100

गाडी 97.2 सीसी, आडवा सिलिंडर, बीएस-4, कार्ब्युरेटरवाली. रनिंग 61,000 किमी. रोज जुळे सोलापूर ते अक्कलकोट रोड एमआयडीसी, म्हणजे इंजिन नीट तापायच्या आत गाडी स्टँडवर.

तक्रारी अशा: सकाळी पाच-सहा किका लागतात. आयडलिंग खालीवर होतं. डबलसीट तुळजापूरचा घाट चढताना तिसऱ्या गिअरला टकटक आवाज येतो. प्लग काळा निघतो. मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा मॅनिफोल्डमधून आत घालून पाहिलं, तर इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर काळा ओलसर थर आहे आणि दांड्याभोवती काकवीसारखं चिकट काहीतरी साचलंय.

गॅरेजवाले म्हणतात हेड (सिलिंडरवरचा, व्हॉल्व्ह बसवलेला भाग) उतरवा. कुणी म्हणतं कार्ब्युरेटरमधून पाणी पाजा, कुणी म्हणतं टाकीत रॉकेल घाला. हेडला हात न लावता काय करता येईल आणि कुठवर?

फिलरगेज

कॅमेरा घालून पाहिलंत हे बरं केलं. पण थर दिसला म्हणजे सगळ्या तक्रारी त्याच्याच, असं नाही. तुमची पहिली दोन लक्षणं टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) टाइट असल्यावरही अशीच दिसतात. व्हॉल्व्ह केसभर उघडा राहिला की कॉम्प्रेशन जातं, किक वाढतात, आयडलिंग डगमगतं. आणि टाइट टॅपेटवर लिटरभर क्लीनर ओतलं तरी काही उपयोग नाही.

आधी टॅपेट बघा. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी. मॅग्नेट कव्हरची दोन्ही झाकणं काढा, प्लग काढा, नट फिरवून मॅग्नेटवरची 'टी' खूण खाचेसमोर आणा. आता दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. एखादा आवळलेला असेल तर पिस्टन एक्झॉस्टच्या टीडीसीवर (म्हणजे सगळ्यात वरच्या जागी) आहे, मॅग्नेटला आणखी एक पूर्ण फेरा द्या. गॅप गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच ठेवा. या वर्गातल्या इंजिनांचे आकडे साधारण 0.05 ते 0.12 मिमीमध्ये असतात आणि इनटेक-एक्झॉस्टचा आकडा काही गाड्यांत वेगळा असतो, त्यामुळे शेजारच्या गाडीचा आकडा लावू नका. फिलर गेजची पट्टी ओढताना हलका अडसर जाणवला पाहिजे. लॉकनट आवळल्यावर गॅप पुन्हा मोजा, आवळताना स्क्रू फिरतोच.

टॅपेट लागल्यावर हवेची टेस्ट. जुन्या प्लगची चिनी माती फोडून काढा आणि त्या लोखंडी बॉडीत ट्यूबचा व्हॉल्व्ह ब्रेझिंग करून घ्या, झाला अ‍ॅडॉप्टर. तो प्लगच्या जागी लावा, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, गाडी टॉप गिअरला, मागचा ब्रेक दाबून एकजण बसलेला. ब्रेक विसरलात तर हवेने पिस्टन खाली जाईल. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरने 30-40 पीएसआय भरा आणि कान लावा:

कार्ब्युरेटरमधून सूं आवाज आला तर इनटेक लीक.
सायलेन्सरच्या तोंडातून आला तर एक्झॉस्ट लीक.
ऑइलच्या झाकणातून आला तर पिस्टनच्या रिंगा लीक. इथे थोडा आवाज चालतो, रिंगा हवा शंभर टक्के कधीच अडवत नाहीत.

ही टेस्ट करून इथे लिहा, मग पुढचं.

दहाचा_पाना

वरचं सगळं बरोबर. टेस्ट होईपर्यंत सफाईची रीत लिहून ठेवतो, कारण आडव्या सिलिंडरच्या गाडीला एक मोठी सोय आहे. तिचा इनटेक पोर्ट वरून खाली उतरतो. कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड काढलं की पोर्ट वाटीसारखा वर तोंड करून दिसतो आणि ओतलेलं क्लीनर थेट व्हॉल्व्हच्या पाठीवर उभं राहतं. उभ्या सिलिंडरच्या गाडीत पोर्टचं तोंड मागे असतं, तिथे मागचं चाक फळीवर चढवून गाडी पुढे झुकवावी लागते.

सामान: पीईए असलेलं फ्युएल सिस्टिम क्लीनर (बाटलीवर पॉलिइथर अमाइन लिहिलेलं असतं), 20 मिलीची सिरिंज, सलाइनच्या नळीचा वीतभर तुकडा, बाळाच्या बाटलीचा नायलॉनचा छोटा ब्रश, मॅनिफोल्डचे नवे ओ-रिंग, धागे न सुटणारं फडकं. स्प्रेच्या कॅनमधलं कार्ब क्लीनर इथे चालत नाही. सोलापूरच्या उन्हात ते पाच मिनिटांत उडून जातं आणि थर भिजतच नाही.

पेट्रोल कॉक बंद. मॅनिफोल्डचे दोन बोल्ट दहाच्या पान्याने काढून कार्ब्युरेटरसकट बाजूला घ्या, केबल लावलेली राहू दे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. ही पायरी चुकली तर क्लीनर सरळ सिलिंडरमध्ये. मग 10-15 मिली हळूहळू ओता आणि अर्धा तास सोडा.

या अर्ध्या तासात पोर्टमधल्या पातळीवर नजर ठेवा. पातळी उतरली तर व्हॉल्व्ह सीटवर बसत नाही, हे हवेच्या टेस्टशिवायच कळलं. जागच्या जागी राहिली तर सीट ठीक आहे, घाण फक्त पाठीवर आहे.

अर्ध्या तासाने ब्रश फिरवा, दांड्याच्या मागच्या बाजूलाही. सिरिंजने ओढून घ्या, पुन्हा नवं ओता. पहिल्यांदा डांबरासारखं काळं येतं, दुसऱ्यांदा कोऱ्या कॉफीसारखं, तिसऱ्या-चौथ्या वेळी चहाच्या रंगाचं आलं की थांबा. चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडत बसायचं कारण नाही. तारेचा ब्रश अजिबात नको. त्याची एक तार आत राहिली तर सिलिंडरवर रेघ उठते, आणि मग हेडच नव्हे, ब्लॉकही उतरतो.

शेवटी पोर्ट फडक्याने कोरडा करा, प्लग बाहेरच ठेवून आठ-दहा किका मारा. त्या वेळी प्लग कॅप प्लगच्या भोकापासून लांब ठेवा. कॅपमध्ये जादा प्लग घालून त्याची बॉडी इंजिनला टेकवलेली असली पाहिजे. भोकातून क्लीनरची वाफ येते, जवळ ठिणगी पडली तर भडका.

ओ-रिंग नवेच टाका. जुना चपटा झालेला ओ-रिंग हवा ओढतो आणि मग आयडलिंग पुन्हा वरखाली होतं. लोक म्हणतात सफाईचा उपयोग झाला नाही. झालेला असतो, लीक नवा असतो.

घाट_चढणारा

एवढं खोलायचं कशाला? इंजिन गरम करा, एअर फिल्टर काढा, आरपीएम वर ठेवून स्प्रेच्या बाटलीने पाणी मारा. वाफेने कार्बन उडतो. मोठ्या इंजिनांवर ही जुनी पद्धत आहे.

फिलरगेज

मोठ्या इंजिनावर चालतं ते इथे का नडतं, हिशोब बघा. 97.2 सीसी, कॉम्प्रेशन रेशो 9.9 धरला तर पिस्टन वर आल्यावर उरलेली जागा 97.2 भागिले 8.9, म्हणजे जवळपास 11 मिली. दोन चहाचे चमचे. पाणी दाबलं जात नाही. बारीक फवारा वाफ होऊन जातो हे खरं, पण हात चुकून धार गेली, किंवा मॅनिफोल्डच्या वळणात साचलेलं पाणी एकदम आत ओढलं गेलं, की कनेक्टिंग रॉड वाकतो. शिवाय वाफेचं काम चालतं ते कम्बशन चेंबरमध्ये, पिस्टनच्या डोक्यावर. यांचा थर आहे व्हॉल्व्हच्या पाठीवर, तोही तेलकट. तेलकट थराला पाणी धरत नाही.

त्याच हिशोबाने घाटातली टकटकही कळते. चेंबरमध्ये फक्त 1 मिली कार्बन साचला तर 9.9 चा रेशो 10.8 वर जातो. वर कार्बनचे कोपरे लाल तापतात आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतात. त्यावर उपाय पीईए टाकीत घालणं. मात्रा बाटलीवरच्या प्रमाणात काढा: 300 मिली 60 लिटरसाठी असेल तर लिटरला 5 मिली, टाकीत 8 लिटर असेल तर 40 मिली. दुप्पट घालून दुप्पट फायदा होत नाही, जादाचं क्लीनर रिंगांवरून ऑइलमध्ये उतरतं. ती टाकी गावातल्या गावात संपवू नका. मोहोळपर्यंत जाऊन या, इंजिन तापलेलं आणि आरपीएम एकसारखा पाहिजे. टाकी संपली की ऑइल बदला.

रॉकेल नको. त्याने पेट्रोलचा ऑक्टेन उतरतो, टकटक वाढते आणि काजळी उलट जास्त बसते. थिनर रबर फुगवतो. आणि कुणी कॉस्टिकवालं भांड्याचं क्लीनर सुचवलं तर त्याला हात जोडा, ते अ‍ॅल्युमिनियम खातं.

चादरनगरी_100

टॅपेट: इनटेक ठीक, एक्झॉस्टला पट्टीच जात नव्हती. मॅन्युअलप्रमाणे लावलं, आता दोन-तीन किकांत चालू होते. हवेची टेस्ट: कार्ब्युरेटरकडून आवाज नाही, सायलेन्सरमधून अगदी बारीक, ऑइलच्या झाकणातून थोडा. पोर्टमध्ये क्लीनर भरलं, पातळी अर्ध्या तासात हलली नाही. चार वेळा धुतलं, थर बराच गेला.

एक्झॉस्ट व्हॉल्व्हलाही असंच भिजवता येईल का? आणि हा थर येतो कुठून?

दहाचा_पाना

एक्झॉस्टला नाही. त्याचा पोर्ट खाली तोंड करून आहे, काही ओतलं तर बूटावर येईल. शिवाय तिथली पाठ तापून स्वतःच जळून साफ राहते, बेंड पाइप काढून पाहिलंत तर राखाडी-तपकिरी दिसेल. दुखणं असतं सीटच्या कडेवर. टाइट टॅपेटने व्हॉल्व्ह बसला नाही की गरम गॅस त्याच फटीतून जातो आणि कड जळते. तुमचा आवाज बारीक आहे, 300-400 किमी चालवा. व्हॉल्व्ह पुन्हा ठोके खाऊन कार्बनचा कण चिरडून बसतो, बऱ्याचदा लीक बंद होतो. पुन्हा टॅपेट मोजा आणि हवा भरा. आवाज तेवढाच किंवा जास्त असेल तर लॅपिंगशिवाय (व्हॉल्व्ह सीटवर घासून बसवणं) गत्यंतर नाही, आणि ते हेड उतरवल्याशिवाय होत नाही. तिथे गॅरेजवाल्याशी वाद घालू नका.

फिलरगेज

थर ओलसर आणि चिकट म्हणजे त्यात ऑइल आहे. कोरडी मखमली काजळी असती तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त, हवा कमी) म्हटलं असतं. ऑइल यायच्या वाटा दोन. एक, व्हॉल्व्ह सील: रात्रभर उभी गाडी सकाळी चालू केली की पहिला निळा धूर, मग बंद. (गॅरेजात 'वॉल सील' मागा.) दुसरी वाट ब्रीदर, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी वाट: ऑइल खुणेच्या वर भरलं की ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात, तिथून इनटेकला. डब्याच्या तळाला ऑइल साचलंय का बघा. डिपस्टिक बहुतेक गाड्यांत न पिळता नुसती टेकवून मोजायची असते, पिळून मोजणारे हमखास जास्त भरतात.

प्लग काळा येतो त्याचं कारण मात्र वेगळं असू शकतं. एमआयडीसीत यंत्रमागांची रुई हवेत असते आणि ती फिल्टरवर नमद्यासारखी बसते. हवा कमी, मिश्रण रिच. तुमचा फिल्टर तेल लावलेला कागदी असेल तर हवा मारून साफ करू नका, तेल उडतं आणि बारीक धूळ आत जाते. तो बदलायचाच. किमीचा आकडा पुस्तकात असेल तो असो, त्या भागात रोज जाणाऱ्याने निम्म्यावर बदलावा. चोकचा लिव्हर पूर्ण परत येतो का तेही बघा.

पाच्छा_पेठ_एफआय

बीएस-6 वाल्यांनी (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असलेल्या गाड्या) हा धागा वाचून थ्रॉटल बॉडीत क्लीनर ओतू नये. तिथे सेन्सर आणि आयडल एअरचा व्हॉल्व्ह आहे, पुढे सायलेन्सरमध्ये ओ-टू सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. न जळलेलं क्लीनर कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटलं तर तो वितळतो. इंजेक्टर पोर्टमध्येच असतो, त्यामुळे पेट्रोल इनटेक व्हॉल्व्ह धुतच असतं. टाकीत पीईए पुरतं. पोर्ट भिजवायचाच असेल तर थ्रॉटल बॉडी पूर्ण काढून, कपलर सुटे करून, चावी बंद ठेवून.

चादरनगरी_100

डब्याच्या तळाला ऑइल होतं, साधारण अर्धी वाटी. डिपस्टिक पिळूनच मोजत होतो. फिल्टर रुईने राखाडी झालेला, नवा टाकला. सकाळी निळा धूर नाही.

फिलरगेज

मग सील सध्या राहू द्या. डबा पुसा, ब्रीदरच्या नळीच्या टोकाचं बूच काढून आतलं ओघळू द्या, जादा ऑइल ड्रेन बोल्टने खुणेपर्यंत उतरवा. पीईएची टाकी आता घाला, आणि ती संपल्यावर ऑइल बदलताना डिपस्टिक टेकवून मोजा. एक्झॉस्टचा टॅपेट 400 किमीला, थंड इंजिनावर.