बेसिनखालचा पितळी ट्रॅप गळतोय, एम-सील टिकत नाही

डोंबिवलीची_काकू: इमारत जुनी. बेसिनखाली क्रोमचा पितळी बॉटल ट्रॅप आहे (सांडपाण्याच्या वाटेवरचा बाटलीसारखा भाग, खाली फिरवून काढायची वाटी असते तो), सासऱ्यांनी हौसेनं बसवलेला. खालच्या वाटीतून टपटप चालू. प्लंबर एम-सील थापून गेला, तेही सुटलं. आता म्हणतो, बेसिनसकट सगळं काढा. आहे का गरज? मला तर त्याला काम हवंय असं वाटतं.

पाना_पक्कड: काकू, आधी गळती नक्की कुठली ते बघा. सगळं कोरडं पुसा, बेसिन भरून एकदम सोडा आणि वरून खाली प्रत्येक सांध्याला टिश्यू लावा. पुष्कळदा पाणी वरच्या वेस्ट कपलिंगमधून (बेसिनच्या भोकातला, ट्रॅपला जोडणारा तुकडा) ओघळतं आणि आळ वाटीवर येतो. एम-सील ओल्या, साबणाळ पितळेवर धरतच नाही.

डोंबिवलीची_काकू: वर कोरडं. वाटीच्या आट्यांपाशीच भिजतंय.

पाना_पक्कड: मग वॉशर गेला. खाली बादली ठेवून वाटी हातानं फिरवा. पाना लावलाच तर मध्ये फडकं घ्या, नाहीतर क्रोम सोलवटेल. जुना वॉशर नमुन्याला दुकानात न्या. वाटीला बारीक भोकं दिसली तर मात्र पितळच खाल्लं गेलंय, ट्रॅप बदला. बेसिनला हात लावायचं कारण नाही.

भाडेकरू_दादर: बदललात तर ३२ मिमीचा घ्या, पण आधी पाइप मोजा. आणि ट्रॅप काढून नुसता सरळ पाइप जोडू देऊ नका. त्यातलं साठलेलं पाणीच गटाराचा वास अडवतं.

डोंबिवलीची_काकू: उघडलं. भोकं नाहीत, वॉशर दगड झालाय. चालले दुकानात.