मदत हवी आहे: शॅडो, क्लिनिक, नेव्हर-एव्हर... हे नक्की काय असतं?

टेकडी_ते_टेकडी (रात्री ११:४२)
मंडळी जरा अर्जंट आहे. बाहेरच्या देशात स्नो रिसॉर्टला इन्स्ट्रक्टरची नोकरी लागलीय, दोन आठवड्यांत निघायचंय आणि आज सुपरवायझरचा मेसेज आला, पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक. जसंच्या तसं टाइप करतोय: "लाइनअप ८:१५. सोम-मंगळ शॅडो. बुधवारपासून कार्पेटवर नेव्हर-एव्हर्स, स्प्लिट झाला तर स्लो हाफ तुझा. आर्व्हो क्लिनिक, स्मोको झाल्यावर. वीकेंडला रिक्वेस्ट नसेल तर स्टँडबाय." यातलं मला सोम-मंगळ तेवढं कळलं. त्यांनाच विचारायची लाज वाटते कारण इंटरव्ह्यूत टर्मिनॉलॉजीचा काही प्रॉब्लेम नाही असं मीच ठोकून दिलं होतं. आर्व्हो तर तीन-चार ग्लॉसरींमध्ये शोधलं, कुठेच नाही. आणि क्लिनिक कशाला परत? मेडिकल झालंय माझं. गूगल कर असं कृपया सांगू नका, केलंय.

कोथरूडकर७१ (सकाळी ६:०५)
क्लिनिक म्हणजे गुडघे बघत असणार. माझ्या साडूच्या मुलाचं लिगामेंट मनालीला गेलं, आठ महिने घरी. तुम्ही रोज पर्वती करा. चढण्यापेक्षा उतरताना लक्ष द्या, १०३ पायऱ्या सावकाश उतरायच्या, दहा वेळा. मी ६८ व्या वर्षापर्यंत केलं.

पिस्तवाला (सकाळी ८:३०)
कुठला देश? स्की का स्नोबोर्ड? याआधी कुठे शिकवलंय? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार.

टेकडी_ते_टेकडी (सकाळी ८:४१)
देशाने काय फरक पडतो, बर्फ तो बर्फ. गुलमर्गला दोन सीझन केलेत. काका धन्यवाद, गुडघे ठीक आहेत.

औलीप्रेमी (सकाळी ९:१०)
गुलमर्गला शिकलास तिथेच चुकलास. उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगमचा कोर्स करायचास, ७ दिवसांचा नाहीतर १४ दिवसांचा, बेसिक टर्म सगळ्या घोटून घेतात. २०११ चे साउथ एशियन विंटर गेम्स तिथे झालेत, उगाच नाही.

ट्रेकर_बंड्या (सकाळी ९:२२)
गुलमर्गला गोंडोला (केबल कार) अफरवत डोंगरापर्यंत नेतो, जवळजवळ ४,००० मीटर. औलीला तेवढी उंची दाखव मग बोलू. आणि २०२३ ला जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथून औलीला जाणारा रोपवे बंद पडला होता, तो विषय काढू का?

औलीप्रेमी (सकाळी ९:२५)
जमीन खचली ते कोर्सची चूक आहे का?? आणि नवशिक्याला ४,००० मीटर कशाला लागतात?

शुद्ध_मराठी_पुणे (सकाळी १०:००)
विषयांतर होतंय. पण सगळीकडे इंग्रजी शब्द कशासाठी? इन्स्ट्रक्टरला प्रशिक्षक म्हणावं, कार्पेटला सरकता गालिचा, उतार सरळ खाली जातो त्या फॉल लाइनला उतारधार. आपणच वापरले नाहीत तर रुळणार कसे?

ट्रेकर_बंड्या (सकाळी १०:०४)
"उतारधारेवर या" असं ओरडलं की पोरं छत्री शोधतील.

हिमगौरी (दुपारी १२:५०)
अरे थांबा सगळे. देशाने फरक पडतो, आणि देश कुठला ते तू न सांगताच मी ओळखलं: ऑस्ट्रेलिया नाहीतर न्यूझीलंड. आर्व्हो म्हणजे आफ्टरनून, दुपार! स्मोको म्हणजे चहाची सुट्टी. बर्फाशी काडीचा संबंध नाही, तिकडचे सगळेच असं बोलतात, म्हणून तुला ग्लॉसरीत सापडलं नाही. मी न्यूझीलंडला क्वीन्सटाउनजवळ चार सीझन शिकवलंय, आता बाणेरला परत.

बाकीचं ऐक. लाइनअप म्हणजे सकाळी सगळे इन्स्ट्रक्टर युनिफॉर्ममध्ये रांगेत उभे राहतात आणि सुपरवायझर क्लास वाटतो. ८:१५ म्हणजे बूट-जॅकेट सगळं चढवून ८:१५, लॉकर उघडायला नाही. शॅडो म्हणजे सीनियरच्या क्लासमागे फिरायचं, बघायचं, पडलेल्या पोरांना उचलायचं, तोंड बंद. नेव्हर-एव्हर म्हणजे आयुष्यात कधी बर्फावर उभा न राहिलेला माणूस. कार्पेट म्हणजे मॅजिक कार्पेट, जमिनीलगत सरकणारा रबरी पट्टा, त्यावर उभं राहिलं की उतारावर नेऊन सोडतो, एअरपोर्टवर बॅगा येतात ना तसाच. यावरून माझीच फजिती सांगते. पहिल्या लाइनअपला मला "यू आर ऑन कार्पेट" म्हणाले आणि मी भाड्याचे बूट देतात त्या हॉलमध्ये जाऊन उभी राहिले, कारण तिथे खरोखरचं कार्पेट होतं. वीस मिनिटं. ओलं होतं, मोज्यांचा वास येत होता, आणि वॉकीटॉकीवर माझं नाव चाललेलं.

स्प्लिट: क्लासमध्ये दहा जण आले, अर्ध्यांना लगेच जमलं, अर्धे पडतायत, की दोन इन्स्ट्रक्टरमध्ये वाटून टाकतात. पडणारे ते स्लो हाफ. नव्या माणसाला हेच मिळतात, मनाला लावून घेऊ नको. क्लिनिक म्हणजे डॉक्टर नाही, इन्स्ट्रक्टर लोकांचंच ट्रेनिंग, क्लास संपले की ट्रेनर घेतो. रिक्वेस्ट म्हणजे पाहुण्याने नाव घेऊन तुलाच मागणं, प्रायव्हेट लेसनला. स्टँडबाय म्हणजे यायचं, थांबायचं, क्लास मिळाला तर मिळाला. थांबलेल्या वेळाचे पैसे देतात का ते काँट्रॅक्टमध्ये बघून ठेव, बऱ्याच ठिकाणी देत नाहीत.

फॉल लाइन गुलमर्गला शिकवली असेलच, पण पाहुण्यांसमोर तो शब्द एकटा टाकू नको. मी टाकला तर एक पाच वर्षांचा पोरगा "फॉल" ऐकून आज्ञाधारकपणे पडला. तळजाईच्या उतारावर लिंबू सोडलं तर ते ज्या वाटेने गडगडेल ती फॉल लाइन, एवढंच सांगायचं. पोरांना स्नोप्लाउ नाही म्हणायचं, पिझ्झा म्हणायचं: स्कीची टोकं जवळ, मागून लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखं, की वेग कमी. समांतर म्हणजे फ्रेंच फ्राइज. स्की का बोर्ड ते अजून तू सांगितलेलं नाहीस!

टेकडी_ते_टेकडी (दुपारी १:१५)
बापरे, खूप खूप धन्यवाद!! हो ऑस्ट्रेलिया, न्यू साउथ वेल्स, काम करत फिरायचा ४६२ व्हिसा असतो, त्याच्या बॅलटमध्ये (सोडतीत) नंबर लागला. आणि बोर्ड.

हिमगौरी (दुपारी १:१८)
मग पिझ्झा विसर!!! हे आधी सांगायचं ना. बोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, पिझ्झा होणार कुठून.

औलीप्रेमी (दुपारी १:३०)
४६२ ला वय किती चालतं? माझ्या भाच्यासाठी विचारतोय.

टेकडी_ते_टेकडी (दुपारी १:३३)
१८ ते ३०. भारतासाठी वर्षाला १,००० जागा. बोर्डचं सांगा ना कुणीतरी.

पिस्तवाला (दुपारी २:०५)
मी म्युनिकला सहा वर्षं होतो, दर विकेंड ऑस्ट्रियात. नेव्हर-एव्हर लोकांना कार्पेटवरून निघाले की सरळ निळ्या रनवर, म्हणजे निळी खूण असलेल्या उतारावर, न्या, निळा सगळ्यात सोपा. मग लाल, मग काळा.

हिमगौरी (दुपारी २:१९)
पिस्तवाला, युरोपात बरोबर. ऑस्ट्रेलियात अमेरिकेसारखं आहे: हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मधला, काळा डायमंड अवघड. पहिल्या दिवसाच्या माणसाला निळ्यावर नेलं तर तो रडत बसेल आणि इन्स्ट्रक्टर ऑफिसात. म्हणून देश विचारायचा असतो.

पिस्तवाला (दुपारी २:२४)
ते मी युरोपचंच सांगत होतो.

ट्रेकर_बंड्या (दुपारी २:२६)
विचारलं होतं ऑस्ट्रेलियाचं.

हिमगौरी (दुपारी ३:४०)
बोर्डचं. पहिला प्रश्न गूफी का रेग्युलर. डावा पाय पुढे तो रेग्युलर, उजवा पुढे तो गूफी, वेडा वगैरे अर्थ नाही. पाहुण्याला माहीत नसतं, ओळखायची सोपी युक्ती म्हणजे मोजे घालून गुळगुळीत फरशीवर पळत येऊन घसरायला सांगायचं, आपसूक जो पाय पुढे जातो तो. हीलसाइड म्हणजे टाचेकडची कड, टोसाइड म्हणजे बोटांकडची. स्केटिंग म्हणजे पुढचा पाय बांधलेला, मागचा मोकळा, त्याने ढकलत चालायचं, सपाटीवर आणि लिफ्टच्या रांगेत तसंच जातात. फॉलिंग लीफ म्हणजे एकाच कडेवर डावीकडे उजवीकडे झुलत खाली येणं, पिंपळाचं पान गळतं तसं. नेव्हर-एव्हर लोकांचा बराचसा वेळ यातच जातो, वळण नंतर.

आणि "एज पकडली" हे रोज ऐकशील. उताराकडची कड बर्फात रुतते आणि माणूस जोरात आपटतो, टाचेकडची रुतली तर पाठीवर, डोक्याचा मागचा भाग खाली. इतकं पटकन होतं की हात टेकायला वेळ नाही. हेल्मेट घालूनच शिकव.

कुणी डिन किती विचारलं तर गोंधळू नको. तो स्कीच्या बाइंडिंगचा, म्हणजे बूट अडकवायच्या पकडीचा, आकडा, किती जोर आला की बूट सुटेल त्याचा. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी यावरून टेक्निशियन ठरवतो. बोर्डचं बाइंडिंग सुटतच नाही, तुझा संबंध नाही.

शुद्ध_मराठी_पुणे (दुपारी ४:०२)
फॉलिंग लीफला पर्णझुल छान वाटेल.

ट्रेकर_बंड्या (दुपारी ४:०३)
हे मात्र खरंच छान आहे.

कोथरूडकर७१ (सायंकाळी ५:३०)
बाकरवडी नेता येते का तिकडे? मुलीला द्यायची आहे, सिडनीला असते.

टेकडी_ते_टेकडी (सायंकाळी ६:१०)
काका, खाण्याचं जे काही असेल ते उतरल्यावर कार्डवर डिक्लेअर करायचं, लपवलं तर दंड. मी नेतो तुमची, पाव किलोच्या वर नको. हिमगौरी ताई, तुमचे उपकार. आत्ताच अजून एक मेसेज आलाय, "फ्रायडे यू आर ऑन स्वीप". झाडू मारायचा का? शिकवायला घेतलंय ना मला?

हिमगौरी (सायंकाळी ६:२२)
नाही रे. लिफ्ट बंद झाल्यावर स्की पेट्रोलची, म्हणजे उतारावर गस्त घालणारी, माणसं रनवरून शेवटची उतरतात, वर कुणी राहिलं नाही ना बघत, झुडपाआड बसलेलं, बाइंडिंग तुटलेलं. कधी इन्स्ट्रक्टरही हाताशी घेतात. तुला घेतलंय म्हणजे बोर्ड बरा चालवतोस असं वाटलंय त्यांना. अंधार पडायच्या बेतात बर्फ कडक होतो, चष्म्याची फिकी काच ने.