सात स्फोटांची आठवण

२६/११चा मुंबईवरचा हल्ला देश विसरलेला नाही, असं म्हणतात; ते मान्य. तुकाराम ओंबळे यांचं नाव शाळकरी मुलंही सांगतील. पण ११ जुलै २००६चं काय? संध्याकाळच्या गर्दीत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये काही मिनिटांत सात स्फोट झाले, १८०हून अधिक माणसं गेली. त्यातलं एक तरी नाव आठवतंय? मला आठवत नाही, आणि याची लाज वाटते.

२६/११ आपण तीन दिवस टीव्हीवर पाहिलं, जिवंत पकडलेल्या हल्लेखोराचा चेहरा पाहिला. २००६मध्ये तसं काहीच समोर नव्हतं. दुसऱ्या दिवशी लोकल धावल्या आणि आपण ‘मुंबईचं स्पिरिट’ म्हणून मोकळे झालो. जुलै २०२५मध्ये उच्च न्यायालयाने आधी दोषी ठरलेल्या बाराही जणांची निर्दोष मुक्तता केली. (सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे.) म्हणजे ‘कुणी केलं?’ हा प्रश्न गेलेल्यांच्या घरच्यांसमोर १९ वर्षांनी पुन्हा उभा राहिला. त्यावर चर्चा किती दिवस चालली?

न्यूयॉर्कच्या ९/११ स्मारकावर २,९८३ नावं कोरली आहेत, तीही घरच्यांना विचारून, मित्राशेजारी मित्र, सहकाऱ्याशेजारी सहकारी अशी. कुणाला कुणाशेजारी ठेवायचं, हे आपण लोकलमध्ये गेलेल्यांच्या घरच्यांना कधी विचारलं?