डॉक्टरबाईचा रोल मिळालाय, टेरेझे गीझेचं काय काय बघू?

खमंग_काकडी
नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. पुण्यात आमचा हौशी ग्रुप आहे, ऑफिस सुटल्यावर तालमी वगैरे, यंदा स्विस नाटककार ड्युरेनमॅटचं 'डी फिझिकर' घेतलंय. वेड्यांच्या सॅनेटोरियममधले तीन शास्त्रज्ञ, एक स्वतःला न्यूटन म्हणवतो, एक आइनस्टाइन, तेच. मला त्यातली डॉक्टरबाई मिळालीय, माथिल्डे फॉन त्सांड. मी एकतीसची, बाई पंचावन्नची आणि पाठीला कुबड. दिग्दर्शक म्हणतो पांढरा कोट घाल, स्टेथोस्कोप अडकव, बाकी तुझं तू शोध. शोधायला गेले तर कळलं की १९६२ साली झुरिकला हा रोल पहिल्यांदा कोणा थेरेसा गिहसे नावाच्या जर्मन नटीने केला. ही जर्मन नाटककार ब्रेख्तची बायको ना? हिचं काय बघू? जर्मन शून्य येतं.

तिसरी_घंटा
बायको नव्हे हो! ती हेलेने वायगल. दोघींची गल्लत होते कारण ब्रेख्तचं 'मदर करेज', म्हणजे युद्धात गाडा ओढत माल विकणाऱ्या बाईचं नाटक, दोघींनी केलं. आपल्याकडे ब्रेख्त म्हटलं की पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा' नाहीतर विजयाबाईंचं 'अजब न्याय वर्तुळाचा' आठवतं, आणि करेजचा फोटो म्हणाल तर गाडा ओढणाऱ्या वायगलचा. पण करेज सगळ्यात आधी उभी केली ती हिने, झुरिकला, एप्रिल १९४१ मध्ये, भर युद्धात, आणि लेखक तेव्हा फिनलंडमध्ये अडकलेला, म्हणजे स्वतःच्या नाटकाचा पहिला प्रयोग त्याला बघायलाच मिळाला नाही. वर झुरिकच्या पेपरवाल्यांनी लिहिलं की काय ती दुःखी आई, काय तिचं काळीज वगैरे. ब्रेख्तला नेमकं तेच नको होतं! बाई युद्धावर पोट भरते हे दिसायला हवं होतं. मग त्याने काही प्रवेश बदलले आणि १९४९ ला बर्लिनमध्ये वायगलने केलं. शेवटी मेलेल्या मुलीच्या मातीचे पैसे देताना ती बटव्यातून नाणी काढते, त्यातलं एक गुपचूप परत आत टाकते आणि उरलेली शेतकऱ्यांना देते. ते एक नाणं इतकं गाजलं की लोकांनी ठरवूनच टाकलं, गीझे म्हणजे रडकी करेज आणि वायगल म्हणजे खरी. मला हे साफ नामंजूर आहे. १९५० ला म्युनिकमध्ये ब्रेख्तने स्वतः बसवलं तेव्हा करेज म्हणून गीझेलाच घेतलं, रडकी असती तर घेतलं असतं का?

इसारकाठी
काका +१. म्युनिकमधून लिहितोय त्यामुळे बाई आमच्या गावची म्हणून थोडं जास्त बोलतो. आधी उच्चार, गिहसे नाही, गीझे. तेही घेतलेलं नाव, मूळ आडनाव गिफ्ट, आणि जर्मनमध्ये गिफ्ट म्हणजे विष 😄

१८९८ चा जन्म, ज्यू कापडव्यापाऱ्याची मुलगी. दिसायला नायिका अजिबात नाही, ठेंगणी, जाड, त्यामुळे तरुणपणापासूनच म्हाताऱ्यांची कामं (हे खमंगताई तुमच्या कामाचं आहे). १९२६ पासून इथल्या काम्मरश्पीले थिएटरात, तिथे ती चांगली स्टार होती. मग एरिका आणि क्लाउस मान या भावंडांबरोबर राजकीय कॅबरे काढला, म्हणजे गाणी-नकलांतून टोमणे मारणारा कार्यक्रम. नाव काय ठेवायचं म्हणून एरिकाने जेवताना वडिलांना विचारलं, वडील म्हणजे कादंबरीकार थॉमस मान, तर त्यांनी टेबलावरच्या मिरपुडीच्या चक्कीकडे बोट दाखवलं असं सांगतात. म्हणून 'फेफरम्यूले', मिरपुडीची चक्की. पहिला प्रयोग १ जानेवारी १९३३, हॉफब्रॉयहाउस या बिअर हॉलपासून चार पावलांवर, आणि ३० तारखेला हिटलर चान्सलर! मार्चमध्ये मंडळींनी देश सोडला. झुरिकला पुन्हा सुरू केलं तर १९३४ मध्ये तिथल्या देशी नाझींनी प्रयोगात राडा घातला. तरी युरोपभर हजारावर प्रयोग केले, अमेरिकेत मात्र १९३७ ला आपटले, इंग्रजीत ती मिरपूड झोंबलीच नाही. मधल्या काळात पासपोर्टचा प्रश्न आला तेव्हा १९३६ ला जॉन हॅम्पसन या इंग्रज लेखकाशी लग्न, निव्वळ कागदावरचं, तो गे आणि हिची जवळीक एरिकाशी. जुळवून देणारा कवी ऑडन, त्याने स्वतः आदल्या वर्षी एरिकाशी असंच लग्न लावून घेतलं होतं.

आता मुद्द्याचं. तुमचा रोल मुळात पुरुषाचा होता! गीझेला घेता यावं म्हणून ड्युरेनमॅटने डॉक्टरला बाई केलं आणि नाटक अर्पणही तिलाच केलं. त्याच्याच 'म्हातारी बाई गावाला भेट देते' वाल्या नाटकात १९५६ ला ती म्हातारी, क्लेअर, हीही पहिल्यांदा हिनेच केली. आणि 'डी फिझिकर' १९६४ ला जर्मन टीव्हीसाठी शूट झालं, त्यात डॉक्टरबाई तीच आहे. संहिता तुमची पाठ असेलच, सबटायटल्स नसले तरी अडणार नाही. आजच बघा.

भैरवी_उशिरा
नको गं बाई, आज नको बघूस! अनुभवाने सांगते. एका नाटकात मूळ प्रयोगाचं रेकॉर्डिंग दिग्दर्शकाने आम्हाला तालमीआधीच दाखवलं, मी महिनाभर दुसऱ्या बाईच्या हाताने चहा ओतत होते, कळतंय आणि सुटत नाहीये. ती टीव्हीवरची तुझा प्रयोग झाल्यावर बघ.

त्यापेक्षा लुई मालचा 'लाकोंब ल्यूसियँ' बघ, १९७४ चा, फ्रेंच आहे, इंग्रजी सबटायटल्स मिळतात. गेस्टापोसाठी, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांसाठी, काम करणारा खेड्यातला पोरगा एका लपून राहणाऱ्या ज्यू शिंप्याच्या घरात घुसतो, आणि त्या घरातली आजी म्हणजे ही. जवळजवळ बोलतच नाही. पत्ते मांडत बसते. पोरगा आत येतो, माज करतो, शँपेन काय आणतो, नातीला काय घेऊन जातो, आणि ही पत्त्यावरून नजर उचलते, बघते, परत पत्ता लावते. बास एवढंच, पण मी पॉज करकरून बघितलंय. पंचाहत्तरीची होती तेव्हा, १९७५ च्या मार्चमध्ये गेलीच.

दुसरा, रोमी श्नायडरचा १९५८ चा 'मेडशेन इन उनिफॉर्म', त्यात ही हॉस्टेलची मुख्य बाई. सिनेमा मला गोडगोड वाटला, पण संस्था माझ्या मालकीची आहे या थाटात माणूस खोलीत कसा शिरतो ते तुला तिथे मिळेल.

तिसरी_घंटा
भैरवीताईंशी सहमत. एक भर, १९७० ला बर्लिनच्या शाउब्यूने थिएटरात पेटर श्टाइनने 'आई' बसवलं, ब्रेख्तचंच, त्यात सगळी तरुण डावी पोरं आणि मधे ही बहात्तरीची बाई. आणि इनग्रिड बर्गमनचा क्लेअरवाला सिनेमा लगेच सापडेल, त्याच्या नादी लागू नका, शेवटच बदलून ठेवलाय.

खमंग_काकडी
सगळ्यांचे खूप आभार 🙏 काल रात्री 'लाकोंब' बघितला. आजी! पोराकडे बघते तेव्हा मान वळते पण खांदे हलतच नाहीत, मी तेवढंच तीनदा बघितलं. टीव्हीवालं उघडलं नाहीये, लिंक नवऱ्याला देऊन ठेवलीय लपवायला. एक विचारायचं राहिलं, कुबड फोमचं करू का? आमचा कपडेवाला म्हणतो प्रयोगाच्या दिवशी देतो.

तिसरी_घंटा
प्रयोगाच्या दिवशी?? अहो उद्यापासून जुना टॉवेल गुंडाळून ब्लाउजच्या आत बांधा आणि तसंच जिना चढा-उतरा. फोमचं नंतर बघू.