हक्कसोडपत्रावर सही करावी का?

प्रश्न
वडील जाऊन चार महिने झाले. सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि आम्हा दोघी बहिणींची वारस म्हणून नावे लागली आणि पंधरा दिवसांतच थोरल्या काकांचा फोन आला, की मंगळवारी येऊन हक्कसोड करून द्या. विचारले नाही, कळवले. भाऊ स्वतः अवाक्षर बोललेला नाही. त्याच्या वतीने काका बोलतात आणि काकांसमोर आई मान वर करत नाही. साडेतीन एकर कोरडवाहू जमीन मला कसायची नाही. पण ज्या घरात माझे शिक्षण कुठे थांबवायचे हे मला न विचारता ठरले, तिथे ही सहीही गृहीत धरली जावी, हे पटत नाही. नाही म्हटले तर माहेर तुटेल, असे धाकटी म्हणते. आपला अनुभव काय?

पहिले उत्तर
ताई, वडिलांच्या हिश्श्यात मुलीला १९५६ च्या कायद्यानेच वाटा होता. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना जन्मसिद्ध हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत ती अट राहिली नाही, आणि त्यासाठी ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असण्याची गरज नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. नोंदणीकृत हक्कसोडपत्र मात्र एकदा झाले की फिरवणे फार अवघड. मी महसूल खात्यात नोकरी केली. फेरफाराला, म्हणजे सातबाऱ्यावरची नावे बदलण्याच्या नोंदीला, बहिणींची हरकत क्वचितच येई. पुष्कळदा नोटिशीवर त्यांचा पत्ताच माहेरचा, म्हणजे भावाने सांगितलेला असे.

दुसरे उत्तर
मी सह्या घेतलेला भाऊ आहे. २०११ मध्ये दुय्यम निबंधकांनी ताईला विचारले, "राजीखुशीने देताय ना?" यंत्रावर अंगठा ठेवण्याआधी तिने माझ्याकडे पाहिले, मग हो म्हणाली. परतताना आईने आणलेली साडी तिला दिली आणि आम्ही सगळे जेवायला गेलो. जबरदस्ती कुणीच केली नव्हती, असे मी अनेक वर्षे सांगत आलो. खरे म्हणजे निर्णय मामांनी घेतला, त्यांच्यापुढे बोलायची आमच्या घरात कुणाचीच प्राज्ञा नव्हती, आणि माझ्या गप्प राहण्यात माझा फायदा होता, तिच्या गप्प राहण्यात तोटा. तुमच्या भावाचे मौन तुम्ही संकोच समजू नका.

तिसरे उत्तर
मी सही केली नाही. तीन भाऊबिजा कोरड्या गेल्या, हे लपवत नाही. दिवाळीत फराळाचा डबा भरून ठेवायचा आणि शेजारी वाटून टाकायचा, असे चालले होते. चौथ्या वर्षी पीककर्जासाठी बँकेने सहहिस्सेदार म्हणून माझी संमती मागितली, तेव्हा भाऊ स्वतः घरी आला. पूर्वीचा मोकळेपणा आला नाही. पण विहिरीच्या दुरुस्तीपासून बांधावरच्या आंब्यापर्यंत आता तो मला विचारतो. तुमच्या धाकटीची भीती खोटी नाही, एवढे सांगते.

प्रश्नकर्तीकडून
मंगळवारी मी जाणार नाही. काकांना न कळवता काल थेट भावाला फोन केला आणि तुला स्वतःला काय हवे आहे, एवढेच विचारले. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "काकांना विचारून सांगतो."