शाळेला दिलेल्या बाकांचं बिल सात महिने अडकलंय, कंपनीविरुद्ध तक्रार करू का?

प्रश्न: भोसरीचा वर्कशॉपवाला

भोसरी एमआयडीसीत माझं पावडर कोटिंगचं वर्कशॉप आहे. एक ओव्हन, सात टाक्या, नऊ कामगार. सहा वर्षं चाकणच्या एका मोठ्या कंपनीचं जॉबवर्क करतोय. पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) पैशांसाठी ९० दिवस लिहिलेलं असतं, पण मे ते ऑगस्टच्या बिलांचे ९ लाख ४० हजार अजून आले नाहीत आणि आता जानेवारी लागला. प्रत्येक चलनावर त्यांच्या गेटचा इनवर्ड शिक्का, म्हणजे माल आत आल्याचा शिक्का, आहे. रिजेक्शन नाही, पैसे कापल्याची डेबिट नोट नाही. या बिलांवरचा जीएसटी मात्र मी वेळच्या वेळी खिशातून भरलाय.

जास्त लागलंय ते वेगळंच. या बिलांत १२० बाकांच्या फ्रेम आहेत. कंपनीने सीएसआरमधून, म्हणजे समाजकार्याच्या खर्चातून, एका जिल्हा परिषद शाळेला दिल्या. आकाशी रंग. लहान पोरं हात लावणार म्हणून कोटिंगआधी प्रत्येक वेल्ड स्वतः उभं राहून घासून घेतला, कुठे टोक राहायला नको. कार्यक्रमाला मलाही बोलावलं होतं. पहिलीतली एक मुलगी फ्रेमवरून सारखं बोट फिरवत होती, ते बघून भरून आलं. त्याच आठवड्यात गॅसवाल्याचे पैसे द्यायला बायकोची एफडी मोडली होती.

तक्रार केली तर काम जाईल. नाही केली तर पगार कुठून करू? आणि जे शाळेला देतात त्यांच्याविरुद्ध जाणं बरं दिसेल का, हेही मनात येतं.

उत्तर: नाशिकची सीए

दादा, शेवटची शंका आधी काढून टाका. सीएसआर हा कंपनी कायद्याच्या कलम १३५ खालचा खर्च आहे. ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम त्यावर खर्च करावीच लागते. शाळेचं भलं झालं, आनंद आहे. पण तुमचं बिल हे देणं आहे, दान नाही. एकाचं पुण्य दुसऱ्याच्या खात्यात वळतं होत नाही.

पीओवर ९० दिवस लिहिले तरी ते चालत नाहीत. लहान उद्योगांसाठीच्या एमएसएमईडी कायदा, २००६ चं कलम १५ सांगतं की करार काहीही असो, सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल मिळाला तीच स्वीकारल्याची तारीख. म्हणून ते इनवर्ड शिक्के जिवापाड जपा. उशीर झाला की कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. बँक रेट ६.७५ होता तेव्हा ते २०.२५ टक्के पडत होतं.

तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, कधीची आहे? माल द्यायच्या आधीची असेल तर बाजू भक्कम.

उत्तर: शिरोलीचा फॅब्रिकेटर

मी गेलोय या वाटेनं. थकलेल्या बिलांसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर अर्ज टाकला, तिथनं तो असे वाद सोडवणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडं गेला. आधी समझोत्याची बैठक, ती फिसकटली की लवाद. कायद्यात ९० दिवस लिहिल्यात, मला चौदा महिने लागले. मुद्दल मिळालं, व्याज मी तडजोडीत सोडलं. त्या कंपनीचं काम परत कधी आलं नाही, हे खोटं कशाला सांगू? पहिले सहा महिने लई जड गेले.

एक विचारतो, राग मानू नका. तुमचं देणं कुणाचं थकलंय का? माझं थकलं होतं. कौन्सिलपुढं ताठ बसलो होतो आणि बाहेर ट्रान्सपोर्टवाला माझ्याच पैशासाठी थांबलेला. त्या दिवशी मान खाली गेली.

उत्तर: निवृत्त पर्चेसवाला

तीस वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलो, म्हणून सांगतो. पर्चेसच्या माणसाला फोन करून उपयोग नाही, पैसे त्याच्या हातात नसतात. अकाउंट्सच्या प्रमुखाला लेखी पाठवा. बिलांची यादी, चलनांच्या प्रती, उद्यम प्रमाणपत्र, आणि प्रत्येक बिलाचा पंचेचाळिसावा दिवस कोणता ते तारखेसकट. भाषा सौम्य ठेवा.

जानेवारी ही नेमकी वेळ आहे. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकर कायद्यात कलम ४३बी(एच) आलं. मुदत उलटलेले तुमचे पैसे ३१ मार्चपर्यंत दिले नाहीत, तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा करता येत नाही, वर कर भरावा लागतो. शिवाय ४५ दिवसांपुढची थकबाकी दर सहामाहीला एमएसएमई-१ फॉर्ममध्ये सरकारला कळवावी लागते. ऑडिटर ही यादी मागतोच. तिच्यात तुमचं नाव आहे का, एवढंच पत्रात विचारा.

प्रश्नकर्ता

ताई, उद्यम २०२० ची आहे. पत्र मंगळवारी ईमेलने आणि रजिस्टर पोस्टाने पाठवलं. काल अकाउंट्समधून पहिल्यांदा कुणीतरी स्वतःहून फोन केला आणि उद्यम नंबर पुन्हा मागितला. फेब्रुवारीअखेर बघतो, नाहीतर पोर्टलवर अर्ज. तोवर दुसरी दोन गिऱ्हाइकं शोधायला लागलोय.

शिरोलीकर, राग कसला. आमचे हँगर बनवून देणाऱ्या वेल्डरचे २२ हजार दिवाळीपासून माझ्याकडे होते. त्याची कसली नोंदणी नाही, तो कुठे जाणार? शनिवारी दुकानावर जाऊन दिले. त्याने मोजलेही नाहीत, आधी चहा सांगितला.